फिरकी

४ फेब्रुवारी

पोचलो एकदाचे. बाबा टेम्पोत पुढे बसले आणि वाटभर ड्रायव्हरला त्याच्या ब्रेकांवरून बोलत आले. अख्खी नोकरी बसडेपोत ब्रेक दुरुस्त करण्यात गेली, त्यामुळे दुसऱ्याच्या गाडीत त्यांना गप्प बसवतच नाही. शेवटी ड्रायव्हर हात जोडून म्हणाला, काका, तुम्हीच चालवा ना.

मेंढी-संशोधन केंद्र बघून जीव हरखला. चारी बाजूंनी दगडी भिंत, आत हिरवीगार कुरणं, एका अंगाला मेंढ्यांचे गोठे, दुसऱ्या अंगाला कुत्र्यांची शेड. मधोमध दुमजली इमारत. खाली प्रयोगशाळा आणि शस्त्रक्रियेची खोली, वर संचालकांचं काचेचं ऑफिस. त्यांना सगळे 'थोरले सर' म्हणतात. त्यांनी स्वतः खाली येऊन बाबांची बॅग उचलली. जाहिरातीत लिहिलं होतं, पशुवैद्य हवा, कुटुंबासह राहणाऱ्यास प्राधान्य. मुलाखतीत मी बिचकतच विचारलं होतं, नवरा-मुलं नाहीत, नुसते वडील आहेत, चालतील का? सर म्हणाले होते, वडील तर उत्तमच.

घर इमारतीच्या मागेच. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मोठं अंगण. माती काळीभोर, ओलसर. अंगणाच्या मधोमध एक गोल पायवाट आहे. इतकी तुडवलेली की तिच्यावर गवताची काडी उगवत नाही. बाबांच्या मते आधीच्या डॉक्टरांचं पोर तिथे सायकल शिकत असणार. आई गेल्यापासून बाबा असे उत्साहात दिसले नव्हते. संध्याकाळपर्यंत त्यांचे वाफे आखूनसुद्धा झाले होते.

११ फेब्रुवारी

बाबांना आज जेवताना माझं काम समजावून सांगितलं. कुत्र्याच्या आतड्यात एक पट्टकृमी राहतो. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून गवतावर जातात. मेंढी ते गवत खाते. अंड्यातून अळी निघते, रक्तातून फिरत फिरत मेंदूत जाऊन बसते आणि तिथे तिची पाण्याची पिशवी होते. पिशवी वाढली की मेंढीचा तोल जातो आणि ती एकाच बाजूला गोल गोल फिरायला लागते. मेंढपाळ म्हणतात, फिरकी लागली. मग मेंढी मरते, तिचं डोकं कुत्रं खातं आणि चक्र पुन्हा सुरू. बाबा म्हणाले, म्हणजे किडा मेंढीची फिरकी घेतो! आपल्याच विनोदावर ठसका लागेपर्यंत हसले.

माझं काम पिशवी काढायचं. मेंढीच्या कवटीवर अंगठ्याने दाबत जायचं. जिथे खाली पिशवी असते तिथलं हाड भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं दबतं. तिथे भोक पाडायचं आणि पिशवी न फोडता अलगद ओढून घ्यायची. अंगठ्याने जागा अचूक शोधणारे आमच्या धंद्यात फार थोडे. मी त्यांतली एक, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

९ मार्च

पहिली शस्त्रक्रिया झाली. मेंढी दुसऱ्या दिवशी सरळ चालत पाण्यापर्यंत गेली. थोरले सर पूर्ण वेळ काचेपलीकडे उभे होते. नंतर म्हणाले, इतके हलके हात मी पाहिले नाहीत. मग एक विचित्र प्रश्न विचारला. मोठ्या कवटीवर कधी काम केलंय का? मी म्हटलं, बैलाच्या. ते हसले.

बाबांचे मुळे तरारलेत. एवढ्या लवकर असा पाला कधी धरला नव्हता म्हणतात. मातीला खत न घालता! उपटून नळाखाली जरासे धुतात आणि मीठ लावून तिथेच कडाकडा खातात. मला रात्रीच्या जेवणात चिरून देतात. मी घाईत दोन फोडी तोंडात टाकते, बाकी तेच संपवतात.

२२ मार्च

आज मी उगाचच चिडले, असं बाबांचं म्हणणं. उगाच नाही.

कुत्र्यांच्या शेडवर एक वयस्कर माणूस आहे, त्याला सगळे मामा म्हणतात. बाबांनी हौसेने त्याला मुळ्यांची जुडी नेऊन दिली. त्याने दोन्ही हातांनी घेतली, बरं वाटलं काका म्हणाला. मी खिडकीतून बघत होते. बाबा वळताच त्याने शेडमागे खड्डा करून ती जुडी पुरली, वर दगड ठेवला आणि साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. नको होती तर नको म्हणावं! म्हाताऱ्या माणसाचा असा अपमान! मी जाऊन झापणार होते. बाबांनी दंडाला धरून बसवलं. ठिणगे, म्हणाले, एका मुळ्यावरून घर जाळशील. लहानपणापासून ते मला ठिणगीच म्हणतात.

१७ एप्रिल

कुत्र्यांना दर महिन्याला जंताच्या गोळ्या देतात, असं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आज सहज विष्ठा तपासली. मायक्रोस्कोपखाली अंडीच अंडी. एका कुत्र्याच्या नाही, सगळ्यांच्या. मी तरातरा वर गेले. थोरल्या सरांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, चक्र चालू राहिलं तरच आपल्याला त्याचा अभ्यास करता येतो. कुत्री बंदिस्त आहेत, शेडबाहेर काही जात नाही. मी म्हटलं, हे मला आधी सांगायला हवं होतं. त्यांनी माफी मागितली, तीही इतकी नीट की पुढे भांडायला जागाच उरली नाही. या माणसाचा आवाज कधी चढत नाही. मला तशा माणसांची भीती वाटते.

त्यांच्या खुर्चीमागच्या काचेतून आमचं अंगण पूर्ण दिसतं. हे आज कळलं.

२८ मे

बाबांचं डोकं दुखतं. ऊन लागलं असेल म्हणतात. दाराच्या उजव्या चौकटीला खांदा आपटून निळा झालाय, तो कसा झाला ते त्यांना आठवत नाही. कपात चहा ओतताना कपाबाहेर ओततात. चष्मा बदलायला हवा.

दादाला फोन केला. तो म्हणाला, वय झालं त्यांचं, तू प्रत्येक गोष्टीत आजार शोधतेस. मी म्हटलं, येऊन बघ. तो म्हणाला, ऑफिसात फार गडबड आहे. दादाची गडबड आई आजारी होती तेव्हापासून चालू आहे.

१४ जून

आजचं आजच लिहून ठेवते.

दुपारी प्रयोगशाळेच्या मागच्या खिडकीतून सहज अंगणाकडे पाहिलं. बाबा त्या गोल पायवाटेवर चालत होते. मान डावीकडे कललेली. हात लोंबते. आधी मला वाटलं, फेऱ्या मारतायत. हाक मारली. थांबले नाहीत. मी धावत गेले, समोर उभी राहिले. ते माझ्या अंगाला लागून थांबले, पाय मात्र जागच्या जागी हलत राहिले. मग मला ओळखून हसले आणि म्हणाले, आलीस? केव्हाचा घरी यायला निघालोय, दार सापडेना.

दार त्यांच्या उजव्या हाताला होतं. चार पावलांवर.

त्यांना आत आणून पलंगावर बसवलं. डोकं चेपून देते म्हटलं. कपाळापासून मागे अंगठा सरकवत नेला. डाव्या कानाच्या वर—

दबलं.

मोठ्या माणसाचं हाड असं दबत नाही. मी पुन्हा दाबून पाहिलं. बाबा म्हणाले, बरं वाटतंय, तिथेच दाब.

१६ जून

शहरातल्या इस्पितळात नेऊन आणलं. तपासणीत दिसली. लिंबाएवढी, पाण्याने भरलेली, आत पांढरे ठिपके. मी अशा शेकड्यांनी पाहिल्यात. मेंदूच्या डॉक्टरबाई कामाच्या वाटल्या. म्हणाल्या, काढता येईल, पुढच्या सोमवारी आणा, घाबरू नका. मी घाबरले नव्हते. मी विचार करत होते. कुत्र्याला हातही न लावणाऱ्या माणसाच्या पोटात अंडी गेली कुठून?

१७ जून

खणलं.

वाफ्याखाली हातभर खोल प्लॅस्टिकचा पाइप. भोकं पाडलेला. ठिबकणारा. त्याचा माग काढत फावड्याने खणत गेले तर तो भिंतीखालून थेट कुत्र्यांच्या शेडच्या मोरीला जोडलेला. शेड धुतल्याचं पाणी. रोज सकाळी. आमच्या मुळ्यांना. पाइप जुना, जोड मात्र आमच्यासाठी नवा केलेला. जोडाला लावलेला डिंक अजून पिवळा पडलेला नाही.

मातीचा चमचाभर नमुना मायक्रोस्कोपखाली ठेवला. पुढचं लिहीत नाही.

मामा शेडच्या दारात उभा होता. मी फावडं हातात घेऊनच त्याच्याकडे गेले. तो रडायला लागला. म्हणाला, ताई, आधीच्या डॉक्टरांच्या बायको असायच्या त्या वाटेवर. दिवसभर. त्यांचं जेवणसुद्धा चालता चालता व्हायचं. मी विचारलं, आणि तू बघत बसलास? तो म्हणाला, मला बोलायची चोरी आहे, माझी लेक इथेच आहे, सरांच्या औषधावर. मला त्याची कीव यायला हवी होती. आली नाही. तोंड होतं ना त्याला! एक शब्द. नका खाऊ, एवढाच एक शब्द!

तसंच वर गेले. चिखलाच्या चपलांनी, त्यांच्या गालिच्यावरून.

मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. खाली गोठ्यापर्यंत ऐकू गेलं म्हणे. थोरल्या सरांनी मधे एकदाही तोडलं नाही. मी दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाले की हा कृमी माणसात किती लवकर वाढतो हे कुणालाच माहीत नव्हतं, आता माहीत झालं. पुढे हजारो लोकांना याचा उपयोग होणार आहे. सुरुवातीला कुणाला तरी हे सोसावंच लागतं.

मी म्हटलं, मग तुम्ही का नाही?

ते म्हणाले, "मग निरीक्षण कोण करणार?"

अगदी साधेपणाने. जणू मी काहीतरी बालिश विचारलं. मग माझ्याकडे जरा वाकून बघत म्हणाले, "चिडचिड हे याचं पहिलं लक्षण आहे, डॉक्टर. तुमची कधीपासून सुरू झाली?"

"जन्मापासून," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. मला पोचवायला दारापर्यंत आले.

१८ जून

केंद्राची जीप मागितली. दुरुस्तीला गेलीय म्हणे. समोर उभी आहे!

पोलिसांना फोन केला. दुपारी एक जण आला. थोरल्या सरांनी त्याला वर नेलं, काचेतून दिसत होतं, चहा, बिस्किटं. तो खाली आला आणि माझ्याशी फार मऊ आवाजात बोलला. आजारी वडिलांचं करताना माणूस थकतो, त्याची बहीणही अशीच खचली होती, थोडी विश्रांती घ्या. मी त्याला ओढत पाइपाकडे नेलं. खड्डा बुजवलेला. पाइप नाही. त्या जागी गुलाबाची रोपं. वर पाणी मारलेलं.

पोलिसाने माझ्या हातातल्या फावड्याकडे पाहिलं. मी ते त्याच्यावर उगारलं होतं. हे मला त्याने मागे पाऊल घेतल्यावर कळलं.

२० जून

इस्पितळात फोन. सोमवारचं नक्की ना, विचारायला. तिथली मुलगी म्हणाली, ते तर रद्द झालं. केंद्राच्या संचालकांनी कळवलं की रुग्णावर तिथेच उपचार होणार, घरच्यांची संमती आहे.

घरची मीच ना? दुसरं कोण आहे?

आहे. दादा. दादाला विचारलं. तो म्हणाला, हो, त्यांचा फोन आला होता, केवढा भला माणूस, तिथेच सगळी सोय करतो म्हणाले, आणि खरं सांगू का, ते तुझ्याबद्दलही काळजीत होते. तुझं वागणं.

मी फोन भिंतीवर मारला. आता फोनही नाही. शाबास, ठिणगे.

बाबा आता शांत आहेत. दुखत नाही म्हणतात. उजव्या डोळ्याने दिसत नाही हे त्यांना कळलेलंच नाही. ताटातलं अर्धंच जेवतात, मी ताट फिरवून देते, मग म्हणतात, अरे, अजून आहे की.

२१ जून

थोरले सर घरी आले. बाबांच्या पलंगावर बसले, बाबांचा हात हातात घेतला. मला म्हणाले, खालची शस्त्रक्रियेची खोली तयार आहे. उद्या. तुम्ही करा किंवा मी करतो. माझा हात तुमच्याइतका हलका नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

मग कळलं. मला कशासाठी घेतलं. वडील उत्तमच कशासाठी. मोठी कवटी कशासाठी.

मेंढ्यांच्या टेबलावर माझे बाबा. काचेपलीकडे तो.

नाही.

बाबा त्याला चहा घ्या म्हणाले. त्याला! आदराने!

२२. सकाळ

निघतोय. मोठ्या रस्त्यावर बस थांबते, फाटकाबाहेर लगेच. दार उघडलं, बाबांना धरलं, फाटक समोरून उजवीकडे. चालायला लागलो. बाबा डावीकडे ओढत होते, मी त्यांना उजवीकडे ढकलत होते. बराच वेळ. मान वर केली तर—

आमचंच अंगण.

बाबांनी ओढलं असेल. पुन्हा निघालो. मी मागे, दोन्ही हात त्यांच्या खांद्यांवर, नजर फाटकाच्या खांबावर. एकदाही हलवली नाही. शपथ. तरी खांब सरकत सरकत उजवीकडे गेला आणि दिसेनासा झाला.

अंगण.

बाबांना पायरीवर बसवलं. एकटी चालून पाहिलं.

मी. मीसुद्धा.

दोनच फोडी खायचे. घाईत.

अंगठा कानाच्या वर नेला. नाही. दाबणार नाही. वेळ नाही.

खिडकीत तो. हातात घड्याळ.

तो म्हणणार, राग लक्षण आहे. असेल! असू दे! मेंदूत पिशवी असेल, पण पाइप पण होता. पाइप मी पाहिलाय. पाइप माझ्या मेंदूत नव्हता.

२२. नंतर

सुचलं. फिरकीची मेंढी कुंपणाला डावं अंग लावून ठेवली की सरळ चालते. वळायला जागाच नसते तिला. भिंत आहे ना. सगळ्या केंद्राभोवती आहे.

डावा खांदा भिंतीला. बाबा पुढे, मी मागे. उलट्या बाजूने, लांबून, पूर्ण वळसा. गोठे, मग शेड, मग त्याच्या खिडकीसमोरून, मग फाटक. फाटक डाव्याच हाताला येईल. डावीकडे वळायला आम्हाला कुणी शिकवायला नको.

मेंढ्यांच्या भुलीचं इंजेक्शन भरून खिशात. सुई लावलेली.

भिंतीशी

गोठे पार. बाबांचा सदरा खांद्यावर फाटलाय, दगडाने सोललंय, रक्त. म्हणतात दुखत नाही. दमले. दोन मिनिटं बसलो. एक हात बाबांच्या मनगटावर, एका हाताने लिहिते. अक्षर कलतंय.

शेडपाशी भिंतीत शेडचं सताड उघडं दार, दोघेही आत ओढले गेलो असतो— मामा येऊन त्यात उभा राहिला. पाठ टेकून. भिंत झाला. आम्ही त्याच्या छातीला घासत पुढे गेलो. त्याला माफ केलेलं नाही.

खिडकीसमोरून गेलो. वर कुणी नाही. खुर्ची रिकामी.

फाटक दिसतंय. बसचा हॉर्न. खरंच. बाबांनी पण ऐकला, म्हणाले, ब्रेक घासतायत हिचे.

पण तो आलाय. फाटकाकडून. भिंतीला धरून, समोरून, सावकाश, हसत. हातात काही नाही. काही लागतच नाही त्याला. त्याला फक्त भिंत आणि आमच्यामध्ये यायचंय. एक माणूस रुंदीचं अंतर, बस्स, मग आम्ही परत गोल गोल—

बाबा, भिंत सोडू नका. काही झालं तरी. डोळे मिटा आणि बसच्या आवाजाकडे

तो बोलतोय. डॉक्टर, दमलात तुम्ही, वही द्या इकडे. हात पुढे केलाय. बाही वर गेलीय, मनगट उघडं. शीर दिसतेय.

या. अजून थोडे जवळ या, सर, अजून